मूळव्याधीचं मलम पुन्हा मागण्याआधी

“काल मिसळ जरा झणझणीत झाली, मूळव्याधीचं मलम द्या.” पंचवटीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे नेहमीचंच. पहिल्यांदा आम्ही मलम देतो. महिनाभरात तेच मागायला पुन्हा आलात, तर मात्र दोन प्रश्न विचारतो. राग मानू नका, कारण शौचावाटे रक्त पडलं म्हणजे दर वेळी मूळव्याधच असते असं नाही.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. त्याला आतून सूज आली तरी रक्त पडतं, आणि बाहेरून लावलेलं मलम तिथवर पोचत नाही. या सुजेत रक्ताबरोबर बहुधा आव पडते. शौचाला लागल्यासारखं सारखं वाटतं, पण जाऊन कुंथलं तरी चमचाभर आव पडते, बस्स.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, ते शौचाची तपासणी सांगतील. पण दोन आठवड्यांत थांबलं नाही, थांबून पुन्हा सुरू झालं, रात्री झोपेतून उठावं लागलं, वजन किंवा हिमोग्लोबिन घसरलं, तर पोटविकारतज्ज्ञ गाठा. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांना हा त्रास काही वर्षांनीही सुरू होतो. ते आवर्जून सांगा, कारण अशा जागी बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा, घ्यायची का, हे तज्ज्ञ फार जपून ठरवतात.

तज्ज्ञच का? कारण अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराला, चालणारं स्टेरॉइड अमीबाच्या जंतुसंसर्गात घातक ठरू शकतं. दोन्हींची लक्षणं सारखीच, म्हणून दुर्बिणीने आत पाहावं लागतं. गनोरिया, क्लॅमिडिया, हर्पिस, सिफिलिस हे शरीरसंबंधांतून होणारे संसर्गही गुदाशयाला सूज आणतात. ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आम्हाला सांगायची मुळीच गरज नाही. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये यावर मोफत उपचार मिळतात.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, चक्कर किंवा पोटात असह्य दुखणं असेल, तर आमच्याकडे येऊ नका. थेट रुग्णालयात जा, किंवा १०८ ला फोन करा.

जाताना चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. त्यात सांधेदुखीच्या गोळ्याही आल्या, कारण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी ही सूज चिघळू शकते. नावं आठवत नसतील तर आमच्याकडची जुनी बिलं पाहून यादी करून देऊ.