खोल पाण्यातली लाल कोळंबी: खानदेशच्या बाजारात न दिसणाऱ्या जिवाची पार्श्वभूमी

खानदेशात समुद्र पोचतो तो सुकट-बोंबलांच्या टोपलीतून. धुळे, चोपडा, नंदुरबार, कुठल्याही आठवडे बाजारात ती ओळ नुसत्या वासावर सापडते. मूठभर सुकट हातावर घेतली तर बहुतेक जवळाच निघतो: जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पातळ टरफलाचा, डोळ्याच्या जागी काळा ठिपका. हा जीव किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यातला. तिथे गाळ आणून टाकणाऱ्या नद्यांत आपली तापीही आहे. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेच्या पुढे खंबातच्या आखाताशी समुद्राला मिळते.

त्याच अरबी समुद्रात तीनशे-चारशे मीटर खाली लाल कोळंबी राहते, ती मात्र इकडे फारशी कोणाच्या पाहण्यात नाही. याचं एक कारण भूगोलात आहे. तापीच्या मुखाबाहेर समुद्र लगेच खोल होत नाही. गुजरात-मुंबईसमोरचा उथळ तळ, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला भूखंडमंच, भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत रुंद आहे. धुळ्याहून मुंबई जितकी लांब, साधारण तितकं पाण्यात आत गेल्यावर तळ खरा उतरायला लागतो. केरळसमोर हाच मंच साठेक किलोमीटरांत संपतो. म्हणून खोल पाण्यातल्या कोळंबीची गोष्ट मुंबई-सुरतेला न घडता कोल्लम-कोचीला घडली.

तिची सुरुवात मात्र मुंबईतच झाली. १८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची लाकडी वाफबोट बांधली गेली. तिचं मुख्य काम जहाजांसाठी समुद्राचे नकाशे करण्याचं. पण तिच्यावर एक डॉक्टर असे आणि त्यानेच प्राणीही गोळा करायचे, अशी सोय होती. ते नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जात. तिथले जेम्स वुड-मेसन हे काम पाहत. १८९३ मध्ये मायदेशी जाताना बोटीवरच त्यांचं निधन झालं. त्यानंतर ही जबाबदारी आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे आली. ते आधी याच बोटीवर डॉक्टर होते. १९०१ मध्ये त्यांनी या खोल समुद्रातल्या कोळंब्या-शेवंडांची वर्णनात्मक सूची छापली. आजही नाव पटवायचं झालं तर तिथपर्यंत मागे जावं लागतं.

अल्कॉक यांनी नोंदवलेली एक गोष्ट अशी, की खोल पाण्यातून वर आणलेली एक कोळंबी बादलीत सोडली तर तिने अंगातून निळसर उजेडाचा ढग सोडला आणि बादलीतलं सगळं दिसू लागलं. हेटेरोकार्पस वंशातल्या कोळंब्यांना ही कला अवगत आहे. शिकारी अंगावर आला की त्याच्या तोंडावर उजेड फेकायचा आणि आपण अंधारात सटकायचं.

१९३३-३४ मध्ये इजिप्तच्या ‘माबाहिस’ बोटीवरून अरबी समुद्राची जॉन मरे मोहीम झाली. नेतृत्व सीमोर सीवेल यांचं. तेही पूर्वी ‘इन्व्हेस्टिगेटर’वर डॉक्टर होते. त्या मोहिमेतल्या कोळंब्यांचा अभ्यास करून रमदान यांनी १९३८ साली एका जातीला अल्कॉक यांचं नाव दिलं: अरिस्टेयस अल्कॉकी. आपली लाल कोळंबी ती हीच; केरळच्या बंदरांवर तिला ‘रेड रिंग’ म्हणतात. पोटाच्या प्रत्येक वळीच्या कडेला लाल पट्टा असतो, त्यावरून.

जिवंत कोळंबी लाल म्हटल्यावर आपल्याला खटकतं, कारण आपली कोळंबी कढईत गेल्यावर लाल होते. रंगद्रव्य दोघींचं एकच. उथळ पाण्यातल्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेलं असल्याने झाकलं जातं आणि उष्णतेने मोकळं होतं. खोलातलीत ते आधीच उघडं असतं. तिथे त्याचा तोटा नाही. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्यात सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे खाली लाल अंग काळंच दिसतं.

बाकी राहणी खडतर आहे. पाणी थंड, दाब वरच्या तीस-चाळीस पट. अंगात हवेची पोकळी नसल्याने दाबाचं तिला काही वाटत नाही. खरी अडचण प्राणवायूची. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटरांच्या दरम्यान प्राणवायू फार कमी असतो आणि हिचं घर नेमकं त्याच पट्ट्यात. खायला चिखलातले किडे, बारीक कवचधारी आणि वरून झिरपत येणारं उष्टं.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. मादी बरीच मोठी आणि तिच्या डोक्यावरचा काटा लांब, पुढे निमुळता होत गेलेला. नर वयात आला की त्याचा काटा आखूड राहतो. मादी अंडी थेट पाण्यात सोडते. शेजारची हेटेरोकार्पस मात्र ती पोटाखालच्या पायांना चिकटवून सांभाळते.

स्वातंत्र्यानंतर भारत आणि नॉर्वेने मिळून चालवलेल्या इंडो-नॉर्वेजियन मासेमारी प्रकल्पाच्या बोटींनी केरळसमोर खोलात जाळी टाकून पाहिली. कोल्लमसमोरच्या ‘क्विलॉन बँक’ नावाच्या समुद्रतळाच्या पट्ट्यावर कोळंबी भरपूर आहे हे १९६० च्या दशकातच कळलं होतं. तरी मच्छीमार तिकडे फिरकले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही: किनाऱ्याजवळ भाव देणारी कोळंबी असताना डिझेल जाळून लांब कोण जाईल? किनाऱ्यालगतची मासळी घटली, बोटी मोठ्या झाल्या, बर्फ-शीतगृहांची सोय झाली, तेव्हा १९९९-२००० च्या सुमारास केरळच्या ट्रॉलरांनी हा धंदा खऱ्या अर्थाने सुरू केला. पहिल्या जोराची आवक पुढे टिकली नाही. मोठ्या मादीला भाव जास्त, म्हणजे जाळ्याला हवी तीच आणि पुढची पिढी जिच्यावर अवलंबून तीही तीच.

वर काढल्यावर ही कोळंबी लवकर काळी पडते, म्हणून तिला थंडाव्यात ठेवून झटपट प्रक्रियेला न्यावं लागतं. तिथून बराचसा माल गोठवून परदेशी जातो. भूमध्य समुद्रातल्या तिच्या लाल भावंडांना स्पेनमध्ये चढा भाव आहे, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकाला हा रंग ओळखीचा वाटतो.