पडद्यावरचे ठिपके आणि डोळ्यांचा हिशेब

लॅपटॉपवर कोरे पांढरे पान उघडून त्यावर चांगले भिंग धरले, तर त्या पानात पांढरा रंग कुठेच सापडत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या अतिशय बारीक पट्ट्या शेजारीशेजारी पेटलेल्या दिसतात. अशा तीन पट्ट्या मिळून एक ठिपका, म्हणजेच पिक्सेल होतो, आणि पडद्यावर असे ठिपके आडवे किती व उभे किती, या मोजणीला रिझोल्यूशन म्हणतात. १९२० × १०८० असे लिहिलेल्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ३८४० × २१६० म्हणजे त्याच्या बरोबर चौपट.

लॅपटॉप घेताना पुष्कळ जण हाच आकडा पाहतात आणि तो मोठा असला की पडदा चांगला, असे धरून चालतात. डोळा मात्र ठिपके मोजत नाही. निरोगी नजरेला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो, आणि ६० सेंटिमीटर अंतरावर या कोनात सुमारे ०.१७ मिलिमीटर लांबी मावते. आता १५.६ इंची पडदा घेऊ. त्यावर १३६६ × ७६८ ठिपके असतील, तर एका ठिपक्याची रुंदी ०.२५ मिलिमीटर भरते. १९२० × १०८० असतील तर ०.१८ आणि ३८४० × २१६० असतील तर ०.०९. पहिल्या पडद्यावर ठिपके नजरेला जाणवतात, दुसरा पडदा जवळपास नजरेच्या मर्यादेवर येऊन थांबतो आणि तिसरा ती मर्यादा बराच ओलांडून जातो. तिरप्या रेषेच्या कडेवरचे दाते ओळखण्यात डोळा याहूनही तीक्ष्ण असतो, म्हणून तिसऱ्या पडद्यावरची अक्षरे अधिक रेखीव दिसतात हे खरे. पण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या टप्प्यात पडत नाही.

देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक लवकर कळतो. ‘राष्ट्रांचे’ हा एकच शब्द पाहावा: वर शिरोरेषा, तिच्यावर अनुस्वार आणि मात्रा, खाली ‘ष्ट्र’ची उतरंड. हे सारे एका ओळीच्या उंचीत बसवायचे, तर विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर जोडाक्षराच्या पोटातली मोकळी जागाच बुजून जाते. म्हणून १५ इंचांच्या आसपासच्या पडद्यासाठी १३६६ × ७६८ घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९२० × १०८० किंवा त्याहून थोडे उंच १९२० × १२०० हे बहुतेकांना पुरेसे होते. दुसऱ्यात मिळणाऱ्या ठिपक्यांच्या १२० जादा ओळी लेखन-वाचनाला फार उपयोगी पडतात. चौपट ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षरे वाचण्याजोगी राहावीत म्हणून ती दुपटीने मोठी करून दाखवावी लागतात, त्यामुळे जागा वाढत नाही, केवळ रेखीवपणा वाढतो. शिवाय ठिपके दाट झाले की त्यांच्या मागे लावलेल्या दिव्यांचा प्रकाश आरपार यायला कमी वाट उरते आणि बॅटरी लवकर उतरते.

रिझोल्यूशन पुरेसे आहे एवढे ठरले, की खरी पारख सुरू होते. पडद्याचा चित्र उमटवणारा भाग म्हणजे पॅनेल, आणि त्याचे टीएन, आयपीएस, ओएलईडी असे प्रकार असतात. टीएन प्रकारचे पॅनेल किंचित वरून किंवा खालून पाहिले तरी रंग उलटेपालटे होतात, आयपीएस पॅनेलवर ते बरेच स्थिर राहतात, तर ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो. उजेडाचे माप निटमध्ये देतात. २५० निट खोलीत चालतात, खिडकीजवळ बसणाऱ्याने ४०० च्या खाली जाऊ नये.

रंगांच्या बाबतीत एक आकडा नीट वाचायला शिकले पाहिजे. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससी हे १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरलेले, किती रंग दाखवता येतात याचे माप आहे, आणि आज संगणकावरची बहुतेक चित्रे ज्या एसआरजीबी मापाने तयार होतात, ते १९९६ चे माप त्याच्या सुमारे ७२ टक्के भरते. म्हणजे ४५ टक्क्यांचा पडदा एसआरजीबीतल्या रंगांपैकी जेमतेम दोनतृतीयांश रंग दाखवतो. अशाच एका पडद्यावर मी बरीच वर्षे छायाचित्रे सुधारत असे. लाल रंग फिका दिसे म्हणून तो वाढवत जाई, आणि तेच चित्र चांगल्या पडद्यावर उघडले की चेहरे उन्हाने भाजल्यासारखे दिसत. दोष चित्रात नव्हता, हे कळायला मला फार वेळ लागला.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारे चित्र पूर्ण पडद्यावर उघडले, तर छटांची गुणवत्ता लगेच कळते. प्रत्येक रंगाच्या २५६ छटा दाखवणाऱ्या पडद्यावर उतार सलग दिसतो; ६४ छटांवर भागवणाऱ्या पडद्यावर त्यात पट्टे पडतात किंवा बारीक थरथर जाणवते. अंधाऱ्या खोलीत संपूर्ण काळे चित्र लावले, की कडांमधून झिरपणारा प्रकाशही उघडा पडतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती लुकलुक. कित्येक पडदे, विशेषतः ओएलईडी, उजेड कमी करण्यासाठी प्रकाश मंद करत नाहीत, तर तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, आणि काहींचे डोके त्यानेच दुखू लागते. हे तपासायला उपकरण लागत नाही. मंद खोलीत पडद्याचा उजेड अगदी कमी करावा, पांढरे पान उघडावे आणि पडद्यासमोर पेन्सिल झपाट्याने इकडून तिकडे हलवावी. पेन्सिलीचा सलग धूसर पंखा दिसला तर प्रकाश स्थिर आहे. एकामागे एक सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतो आहे.