ओक्लाहोमाचा चिंचोळा पट्टा मोजणीच्या चुकीने उरलेला नाही

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाला माळरानावर सिमरॉन काउंटी आहे. ती ज्या चिंचोळ्या पट्ट्यात येते, तो मोजणीदाराच्या चुकीने उरला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

पट्टा उरला तो कायद्यांमुळे, आणि मुळाशी होती गुलामगिरी. १८२० च्या मिसूरी तडजोडीच्या रेषेच्या, म्हणजे ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या, उत्तरेला गुलाम ठेवायला मनाई होती. टेक्सासला गुलाम सोडायचे नव्हते. म्हणून १८५० मध्ये त्याने रेषेपलीकडची जमीनच सोडली. १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण सीमा ३७ अंशांवर ठरली, चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून. मधला अर्धा अंश, सुमारे ३४ मैल रुंद, कोणाचाच राहिला नाही. १८९० पर्यंत तिथे वसलेल्यांना स्वतःच्या शेताचा कायदेशीर कागद मिळत नव्हता. याचं खापर मोजणीदारावर फोडणं अन्यायाचं आहे.

मोजणीची चूक झाली ती शेजारी: टेक्सास-न्यू मेक्सिको सीमा १०३ रेखांशाच्या दोनेक मैल पश्चिमेला आखली गेली. नकाशात तिथे बारीक पायरी दिसते.