कपाळावरचा चिखल

आषाढात मालवणकडे आमच्या कुणग्यांत लावणी चालू होती. एक मोठी सर येऊन गेली होती, पॉवर टिलर बांधाला लावून ठेवला होता आणि बाया इरली बाजूला काढून चहा घेत होत्या. भावाची तीन पोरं तरवा, म्हणजे भाताची रोपं, पोचवण्याच्या नावाखाली चिखलात मनसोक्त लोळली आणि बांधावर येऊन बसली. थोरली अकराची, मधला नऊचा, धाकटी नुकती सहा पुरी झालेली. तिघांच्याही कपाळाला चिखल. प्रत्येकाला दुसऱ्या दोघांचा दिसत होता, स्वतःचा कोणालाच नाही. सगळं अंगच भिजलेलं असल्यावर कपाळावर चिखल आहे की नुसतं पाणी, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

त्यांना तसं बसलेलं बघून मला एक जुनं कोडं आठवलं. काय बोलायचं ते मी आईला कानात सांगितलं. पोरांना दोन अटी घातल्या. कपाळाला हात लावायचा नाही, आणि एकमेकांना काही सांगायचं नाही, खुणेनेसुद्धा नाही. मग आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्यातल्या एकाच्या तरी कपाळाक चिखल लागलो हा. आपल्याक लागलो हा ह्या ज्याका नक्की कळला, तेना हात वर करुचो."

कोणी हात वर केला नाही. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर थोरलीचा हात वर गेला. तिच्याकडे बघून, क्षणभर थांबून, मधल्याचा. धाकटी तशीच बसून राहिली. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

थोरलीला हे कळलं कसं? आईने मधे एक अक्षरही जास्तीचं सांगितलं नव्हतं. तिन्ही वेळा प्रश्न तोच होता आणि कपाळंही तीच होती.

सोपं करून बघू. समजा एकट्या धाकटीच्याच कपाळाला चिखल असता. तिला समोर दोन स्वच्छ कपाळं दिसली असती. आजी म्हणते एकाला तरी लागलाय, समोर तर कोणाला नाही, मग ती मीच. पहिल्याच खेपेला तिने हात वर केला असता.

आता समजा मधला आणि धाकटी दोघांना लागलाय, थोरली स्वच्छ आहे. मधल्याला धाकटीचं कपाळ दिसतंय. तो मनात म्हणतो, मी स्वच्छ असेन तर धाकटीला समोर कुठेच चिखल दिसत नसणार, आणि ती लगेच हात वर करील. पहिली खेप होते, धाकटी गप्प. ती गप्प का? तिला कोणाचा तरी चिखल दिसतोय म्हणून. थोरली तर स्वच्छ आहे. मग तिला दिसतोय तो माझा. इकडे धाकटीही मधल्याबद्दल हाच हिशेब करत असते. दुसऱ्या खेपेला दोघांचे हात एकदम वर जातात.

तिघांनाही लागलेला असतो तेव्हा थोरली याच हिशेबावर आणखी एक पायरी चढते. मी स्वच्छ असेन तर चिखलाचे हे दोघंच, आणि दोघंच असतील तर दुसऱ्या खेपेला त्यांचे हात वर जायला हवेत. दुसरी खेप झाली, हात खालीच. म्हणजे मी स्वच्छ नाही. ही शिडी हवी तेवढी वर नेता येते. चौघांना चिखल असेल तर चौथ्या खेपेला हात वर, दहांना असेल तर दहाव्या. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याच्या या रीतीला गणितात गणिती विगमन म्हणतात.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती मौनाची. पहिल्या खेपेला सगळे गप्प राहिले, यावरून कळतं की चिखलाची कपाळं एकाहून जास्त आहेत. दुसऱ्या खेपेच्या मौनाने कळतं की ती दोनाहून जास्त आहेत. कोणीही काही न सांगता माहिती वाढत जाते. बांधावर पाच पोरं असती आणि त्यांतल्या तिघांनाच चिखल असता, तरी तिसऱ्या खेपेलाच त्या तिघांचे हात वर गेले असते, आणि ते बघून उरलेल्या दोघांना आपलं कपाळ स्वच्छ असल्याचं कळलं असतं.

इथवर कोडं सुटतं. पण याच्या पोटात दुसरं एक कोडं आहे, आणि खरं खोल तेच आहे.

आई म्हणाली, एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे. यात नवीन काय होतं? प्रत्येक पोराला समोर चिखलाची दोन कपाळं दिसतच होती. एवढंच कशाला, दुसऱ्यांनाही निदान एक तरी दिसतंय, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांना आधीच माहीत असलेलीच गोष्ट तिने सांगितली. पण तिचं ते वाक्य काढून टाका आणि नुसता प्रश्न विचारत राहा, तर संध्याकाळपर्यंत एकाचाही हात वर जाणार नाही.

कारण बघायचं तर थोरलीच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि तिथून आणखी आत. थोरलीला स्वतःचं कपाळ दिसत नाही, तेव्हा आपण स्वच्छ असू अशी तिला शक्यता वाटते. तसं असेल तर मधल्याला एकट्या धाकटीचाच चिखल दिसत असणार. त्यालाही स्वतःचं कपाळ दिसत नाही, तेव्हा आपण स्वच्छ असू असं त्यालाही वाटू शकतं. आणि तेही तसंच असेल, तर धाकटीला समोर एकही चिखल दिसत नसणार. थोरलीच्या मनातल्या मधल्याच्या मनातली ही धाकटी. तिला कोणाला चिखल आहे की नाही, याचा पत्ताच नाही. खरी धाकटी समोर दोन चिखलाची कपाळं बघत बसली आहे. पण थोरलीला अशी खात्री देता येत नाही, की मधल्याची अशी खात्री आहे, की धाकटीला माहीत आहे. तिसऱ्या पायरीवर साखळी तुटते. आईच्या एका वाक्याने ती तुटलेली कडी जोडली गेली. ते वाक्य तिघांनी ऐकलं, तिघांनी ऐकताना एकमेकांना पाहिलं, आणि आता कितीही आत शिरलं तरी "तिला हे माहीत नसेल तर?" या शंकेला जागा उरली नाही.

आईने हेच वाक्य तिघांच्या कानात वेगवेगळं सांगितलं असतं, तर काही घडलं नसतं. माहिती तीच पोचली असती. दुसऱ्यांना काय सांगितलं, हे मात्र कोणाला कळलं नसतं.

एखादी गोष्ट सगळ्यांना माहीत असणं ही एक अवस्था. ती सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं, आणि तेही सगळ्यांना माहीत असणं, असं शेवटपर्यंत, ही दुसरी अवस्था. हिला सामायिक ज्ञान म्हणतात. आमच्याकडे हा फरक समजायला गणिताची गरज पडत नाही, देवळात जाऊन उभं राहावं. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा त्यातलं सगळं प्रत्येकाला पाठ असतं. गावाची राखण कर, गुराढोरांना सांभाळ, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला सुखरूप ठेव. तरी ते मोठ्याने बोललं जातं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणतात. ऐकलं याची पोच देवाला मिळते, तशी शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही मिळते. उद्या कोणाला "माका म्हायत नव्हता" म्हणता येत नाही.

या घराण्यातलं कोडं इंग्रज गणिती जे. ई. लिटलवुड यांनी 1953 मध्ये छापलं, ते रेल्वेच्या डब्यातलं होतं. तीन बायका बसल्या आहेत, तिघींचे चेहरे मळलेले, आणि तिघी हसताहेत. अचानक एकीच्या ध्यानात येतं, की तिसरी दुसरीला हसते आहे हे दुसरीला कसं कळत नाही? मी स्वच्छ असते तर तिला ते कळलंच असतं. अरे देवा, म्हणजे माझंही तोंड मळलेलं आहे! तिथे आजी नाही, तिचं काम ते सगळ्यांना दिसणारं हसणं करतं. सामायिक ज्ञानाची नीट तात्त्विक मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1969 मध्ये केली. गणिती रॉबर्ट ऑमन यांनी 1976 मध्ये तिला गणिताच्या चौकटीत बसवलं आणि एक अजब गोष्ट सिद्ध केली. दोन माणसांनी एकाच अंदाजापासून सुरुवात केली, मग दोघांना वेगवेगळी माहिती मिळाली, आणि एखादी गोष्ट घडण्याची शक्यता प्रत्येकाला किती वाटते हे दोघांचं सामायिक ज्ञान झालं, तर त्यांचे अंदाज वेगळे राहूच शकत नाहीत. ऑमन यांना 2005 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते खेळांच्या सिद्धांतातल्या, म्हणजे गेम थिअरीतल्या, कामासाठी.

संगणकवाल्यांना हा विषय लागला तो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट समजायला मला समुद्र बरा वाटतो. समजा दोन होड्यांना उद्या पहाटे मिळून जायचं आहे. दोघी गेल्या तरच जाळं ओढता येईल, एकटी गेली तर डिझेलही फुकट आणि दिवसही. दोघांचे तांडेल वेगवेगळ्या वाड्यांत, मधे डोंगर, मोबाइलची रेंज येते आणि जाते. पहिल्याने निरोप पाठवला, उद्या जाऊया. तो पोचला का? दुसऱ्याने पोच पाठवली. पण पोच पोचली का? ती पोचली नसेल तर पहिला घरीच बसेल, अशी दुसऱ्याला धास्ती. म्हणून पहिल्याने पोचेची पोच पाठवली. याला अंत नाही. आणि हे नुसतं कंटाळवाणं नाही, ते अशक्य आहे. समजा ठरावीक निरोपांत हे जमवण्याची पद्धत आहे. तशा पद्धतींतली सगळ्यात कमी निरोपांची पद्धत घ्या. तिच्यातला शेवटचा निरोप पाठवणाऱ्याला तो पोचल्याचं कधीच कळणार नाही, कारण त्यानंतर निरोपच नाही. तेव्हा तो निरोप पोचो न पोचो, पाठवणारा पहाटे निघणार. तो निघणार असेल तर दुसऱ्यालाही निरोप मिळो न मिळो निघायलाच हवं. मग हा शेवटचा निरोप हवाच कशाला? तो काढून टाका. पण आपण तर सगळ्यात कमी निरोपांची पद्धत घेतली होती. म्हणजे अशी पद्धतच नाही.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी 1978 मध्ये हा प्रश्न दोन सेनापतींची गोष्ट म्हणून मांडला, आणि तो त्याच नावाने ओळखला जातो. पुढे जोसेफ हाल्पर्न आणि योराम मोझेस यांनी चिखलातल्या मुलांचं कोडं आणि हा प्रश्न एकाच सूत्रात ओवला. निरोप गहाळ होण्याची शक्यता असेल तिथे सामायिक ज्ञान मिळवता येत नाही, हे त्यांनी दाखवलं. 1990 मध्ये छापून आलेल्या या कामाला 1997 मध्ये सैद्धांतिक संगणकशास्त्रातलं गोडेल पारितोषिक मिळालं. फोनवरून पैसे पाठवताना खात्यातून रक्कम जाते आणि पडद्यावर बराच वेळ पेंडिंग दिसत राहतं, त्याच्या मुळाशीही बऱ्याचदा हीच अडचण असते. उत्तर वाटेत हरवलं की काम झालं की नाही, हे एका टोकाच्या यंत्राला कळायला मार्ग नसतो. मग पुन्हा विचारायचं, नोंदी जुळवायच्या आणि उरलेली शंका जितकी लहान करता येईल तितकी करायची, एवढंच हातात राहतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना ही अडचण येत नाही. दोन दोरांवरची माणसं वाळूवर एकमेकांना दिसत असतात आणि आरोळी सगळ्यांच्या कानावर एकदमच पडते.

आता धाकटी. त्या दिवशी मी तिला विचारलं, तू हात का वर केला नाहीस? ती म्हणाली, "ताईक कळूक नाय, तर माका कसा कळतला?" ताई गप्प बसली याचा अर्थ तिने एवढाच घेतला, की ताईला माहीत नाही. ताईला माहीत नाही, हीच एक बातमी आहे, हे तिच्या वयाला अजून जड होतं. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं, चुकीचंही काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमजतं. ऑस्ट्रियातले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी 1983 मध्ये हे एका गोष्टीतून तपासलं होतं. मुलगा बाहेर गेलेला असताना त्याच्या आईने त्याचं चॉकलेट दुसऱ्या कपाटात ठेवलं, तर परत आल्यावर तो ते कुठे शोधेल? लहान मुलं सरळ नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. 'अमक्याला काय वाटतं, असं तमक्याला वाटतं', ही पुढची पायरी सहासात वर्षांची होईपर्यंत पक्की होत नाही, असं त्याच दोघांनी 1985 मध्ये दाखवलं. आमचं कोडं त्याहून एक मजला वर आहे. अकरा वर्षांच्या मुलीने ओल्या अंगाने बांधावर बसून ते तिसऱ्या खेपेला सोडवलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

पुढच्या वर्षी गणपतीत सगळी चुलत-आते-मामेभावंडं जमली. या वेळी खेळ धाकटीनेच मांडला. पाच पोरांना ओळीने बसवलं, डोळे मिटायला लावले, चुलीतल्या कोळशाने कोणाच्या कपाळाला बोट लावलं, कोणाला नुसताच स्पर्श केला. मग आजीला हाताला धरून पुढे आणलं. आजी बोलायला लागली, तेवढ्यात एकजण पाणी प्यायला उठून मागीलदारी गेला. बाकीचे सगळे जागेवर होते, आजीचं वाक्य अर्ध्यावर आलं होतं.

धाकटीने तिचा पदर ओढला. "थांब गो आजये, तेका येवंदे. तेना आयकूक नाय, तर कोणाकच कळाचा नाय."