हाऊसिंगवरचा खोटा आळ

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीच्या मागून ‘टक्क’. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा ‘टक्क’. बीड-जालन्याकडच्या जुन्या काळीपिवळीत हा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की नवा प्रवासीच काय तो दचकतो. मालकाने विचारलं तर मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: ‘हाऊसिंग गेलं.’ म्हणजे मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला तो गोल फुगवटा आणि त्यातलं क्राऊन-पिनियन: इंजिनाकडून फिरणारं छोटं दातेरी चाक (पिनियन) आणि त्याने फिरवलेलं मोठं (क्राऊन). काम मोठ्या खर्चाचं, आणि पुष्कळदा आवाज तिथला नसतोच.

जरा हिशोब करू. तेलाला आणि तापून फुगणाऱ्या पोलादाला जागा मिळावी म्हणून क्राऊन-पिनियनच्या दातांत मुद्दाम फट ठेवतात. लहान गाड्यांत ती साधारण ०.१५ मिलिमीटर असते. क्राऊनची त्रिज्या १०० मिलिमीटर धरली, तर एवढ्या फटीत क्राऊन अंशाच्या दहाव्या भागाइतकाही हलत नाही. पिनियन त्याच्या चौपट फिरतो असं धरलं, तरी हा प्ले, म्हणजे रिकामी हालचाल, अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. आणि गाडीखाली झोपून हाताने फिरवलेला प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा) तर कधी कधी पंधरा-वीस अंश रिकामा फिरतो! उरलेला प्ले गिअरबॉक्स, डिफरन्शियलमधली (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागातली) छोटी गिअरं, एक्सलच्या खाचा आणि क्रॉस यांच्यात वाटलेला असतो. यातला क्रॉस माझा विशेष आवडता.

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर वाट्या आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर. इंजिन चासीला बांधलेलं, एक्सल मात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर खालीवर होणारा, त्यामुळे मधल्या शाफ्टला फिरता फिरता वाकावं लागतं. शाळेत स्प्रिंगचा नियम ज्याच्या नावाने शिकतो, त्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच असा सांधा आपल्या खगोलयंत्रांसाठी सुचवला होता.

चाकाच्या बेअरिंगमधले रोलर गोल फिरत राहतात, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. क्रॉसच्या सुयांचं तसं नाही. शाफ्ट पाच अंशांनी वाकलेला असेल, तर एका फेरीत क्रॉसचं टोक वाटीत पाच अंश इकडे आणि पाच अंश तिकडे, एवढंच हलतं. सुई जागची मिलिमीटरभरही सरकत नाही. पाळण्याची कडी आढ्याच्या दांड्याला एकाच जागी खाते, तसंच हे. शिवाय भार बघा. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर चार धरलं, तर शाफ्टवर ८०० न्यूटन-मीटर येतात. क्रॉसच्या समोरासमोरच्या टोकांत सहा सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक टोकावर तेरा हजार न्यूटनांहून जास्त बल, म्हणजे सव्वा टनापेक्षा अधिक वजन. एकाच जागी हलणाऱ्या सुया ग्रीस बाजूला लोटतात, धातूला धातू भिडतो, सुटलेले कण गंजतात आणि वाटीच्या तोंडाशी तांबूस भुकटी जमते. असा क्रॉस उघडला तर टोकावर सुयांच्या समांतर खाचा बोटाच्या नखाला लागतात. गंमत म्हणजे शाफ्ट अगदी सरळ रेषेत ठेवला तर सुया मुळीच हलणार नाहीत आणि हाल आणखी वाईट होतील. म्हणून मुद्दामच एक-दोन अंशांचा कोन ठेवतात.

कोनाची दुसरी भानगड अशी की एका क्रॉसमधून बाहेर पडणारा वेग एकसारखा नसतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा कमी-जास्त होतो: किमान कोनाच्या कोज्येइतक्या पटीने, कमाल एक भागिले कोज्या. दहा अंशांना हा फरक दोन्ही बाजूंना दीड-दीड टक्का. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फेडून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे आणि शाफ्टच्या टोकांचे यॉक (क्रॉसला दोन बाजूंनी धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच. जास्त माल भरता यावा म्हणून पिकअपला पाटा वाढवला की कोन बदलतात आणि गाडी थरथरायला लागते. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही भागांवर खडूने खूण करायची ती यासाठीच.

तपासणी सोपी आहे. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या अलीकडचा यॉक एका हातात, पलीकडचा दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पिळायचा. दोघांच्या हालचालीत फरक जाणवला तर क्रॉस गेला. पिनियनचा फ्लँज खालीवर हलत असेल तर पिनियनचं बेअरिंग. एक चाक स्टँडवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ते डुगडुगलं, तर आधी नट बघा, मग चाकाचं बेअरिंग. बेअरिंग सहसा टक्क करत नाही, घुमतं.

उचललेलं चाक गिअरमध्ये, हँडब्रेक सोडून, पुढे-मागे फिरवून बघणारे मात्र हमखास घाबरतात. डिफरन्शियलचा पिंजरा, ज्यावर क्राऊन बसतो, दोन्ही चाकांच्या सरासरीने फिरतो, त्यामुळे एक चाक जमिनीवर अडकलं की दुसरं दुप्पट फिरतं. शाफ्टवरचे वीस अंश पिंजऱ्यावर पाच होतात आणि चाकावर दहा. टायरच्या कडेला ते जवळजवळ सहा सेंटिमीटर दिसतात, आणि तिथेच नव्या क्राऊन-पिनियनचा सौदा होतो.

दसऱ्याला गाडीला हार घालावा, नारळ फोडावा, हरकत नाही. पण टक्क ऐकून लिंबू-मिरची बदलणारा आणि हाऊसिंगमध्ये ‘जादूचं’ ऑईल ओतणारा, दोघे एकाच माळेचे मणी. ते ऑईल राहतं हाऊसिंगच्या आत, क्रॉस असतो बाहेर. ते तिथवर पोचणार कसं?

क्रॉसला निप्पल असेल तर काळ्या रानात, चिखलापाण्यात गाडी गेल्यावर ग्रीस मारावं, चारही वाट्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट खालीवर ढकलून त्या वाटीवरचा दाब हलका करायचा आणि पुन्हा पंप मारायचा. तरीही आलं नाही, तर तो क्रॉस बदलायचा.