कुठली कंपनी बरी? मशीन बदलण्याआधी एवढं वाचा

होड्या वर ओढल्या, शाकारल्या, की आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. "काकानू, मशीन बदलूचा आसा. खयची कंपनी बरी? आणि भाव काय?" आम्ही उलट विचारतो, "मागच्या फळीची उंची किती?" पलीकडे शांतता. मग कोणी म्हणतं, "होता तसलाच द्या." एकाने तर "माझ्या गुडघ्याएवढी" असं सांगितलं होतं. आता तो माणूस सहा फुटी की पाच फुटी, हे फोनवर कळायला मार्ग नाही.

म्हणून हा कागद. वीस ते तीस फुटी फायबर होडी, मागे फळीवर बाहेरून अडकवलेलं मशीन म्हणजे आउटबोर्ड, काम जाळ्यांचं किंवा गळाचं, अशांसाठी हा आहे. ट्रॉलरच्या आतल्या इंजिनाचं आमच्याकडे काही होत नाही, ते विचारू नका.

आधी फळी, मग कंपनी

ज्या फळीवर मशीन अडकवतो तिच्या उंचीप्रमाणे मशीनचा पाय येतो. शॉर्ट शाफ्ट १५ इंच, लाँग शाफ्ट २० इंच, एक्स्ट्रा लाँग २५ इंच. कुठल्याही कंपनीचं घ्या, हिशोब साधारण हाच. पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जो आडवा चपटा पत्रा असतो, तो होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली बसला पाहिजे. तो पत्रा वरची हवा पंख्यापर्यंत येऊ देत नाही.

गेल्या हंगामात खाडीपलीकडचे एक तांडेल नवीन मशीन घेऊन आले. आमच्याकडून घेतलेलं नव्हतं, नात्यातल्या कुणीतरी फोनवर ठरवून पाठवलेलं. तक्रार अशी की मशीन किंचाळतं पण होडी पळत नाही, वळवली की तर जागीच राहते, आणि लाटेवर मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार तुटते. त्यांच्या मते कार्बोरेटर गेला होता आणि कंपनी फसवी होती. आम्ही कार्बोरेटरला हातही लावला नाही. होडी वाळूत सरळ केली, स्केल लावली. फळी साडेवीस इंच, मशीन शॉर्ट शाफ्ट. पंखा पाच इंच वर, अर्धा वेळ फेसातच फिरत होता. थंड करायला पाणी ओढणारा पंपही मधूनमधून हवाच ओढत होता, म्हणून धार तुटत होती. त्यांचं नशीब की हेड जळलं नाही. दुसरं मशीन येईपर्यंत हंगामाचे पहिले अठरा दिवस गेले. बांगडा त्याच दिवसांत लागला होता.

उलटी चूकही होते. आखूड फळीला लांब पाय लावला की होडी चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पाय पाण्याला अडतो, पेट्रोल जास्त जातं, मागून फवारा उडतो आणि खाडीच्या तोंडावर, वाळूच्या पट्ट्यावर (म्हणजे बारवर), पंखा आधी टेकतो. "आमच्या बारवर पंखे टिकत नाहीत" म्हणणाऱ्या दोघांच्या होड्या आम्ही मोजल्या. दोन्हीकडे हेच निघालं.

मोजायचं असं. होडी सपाट जागेवर सरळ ठेवा. तळाला चिकटवून एक सरळ पट्टी मागे बाहेर काढा. फळीच्या मधोमध, जिथे मशीनचा क्लँप बसतो त्या वरच्या कडेपासून, त्या पट्टीपर्यंत उभं अंतर घ्या. बाजूला मोजू नका, बऱ्याच होड्यांची फळी मध्ये खाच देऊन खाली घेतलेली असते. तळाचा कणा खाली आला असेल तर तो धरू नका. फळी कलती असेल तर तिच्या उतारावरून टेप लावू नका, उभंच अंतर पाहिजे. आणि जुन्या मशीनच्या पायावरून तर अंदाज मुळीच बांधू नका. जुनं चुकीचंच लावलेलं असू शकतं, किंवा मधल्या काळात कुणीतरी वर लाकडाची पट्टी ठोकून ते जुळवून घेतलेलं असतं. "होता तसलाच द्या" म्हणणाऱ्यांत हे फार सापडतं.

माप १५-१६ आलं तर शॉर्ट, १९ ते २१ आलं तर लाँग. सतरा-अठरा आलं तर मात्र नुसतं मशीन घेऊन भागणार नाही. फळी वाढवावी किंवा उतरवावी लागते, ते बघून ठरवू.

मोजताना आणखी एक करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर सगळीकडे ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. कुठे दबका, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला, तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असण्याचा संभव आहे. आम्ही तिथे चार मिलिमीटरचं भोक पाडून बघतो. सुका भुसा निघाला तर बोळा भरून मोकळे. काळपट ओला चिखल निघाला तर नवीन मशीन त्या फळीवर लावायचं नाही. जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं, हेच बहुतेक वेळा कारण असतं. फळी बदलायचं कामही आमच्याकडे होतं. त्यासाठी भोक पाडतो असं नाही, पण होतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

नावाआधी हा निर्णय घ्या. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाण्याची आणि नवीन पेट्रोल आत येण्याची दारं एकाच वेळी उघडी राहतात. त्यामुळे साधारण चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर जातं. पाण्यावर तवंग दिसतो तो हाच. फोर-स्ट्रोकमध्ये ते होत नाही, आणि रोज आठ-दहा मैल जाणाऱ्याला फरक महिन्याच्या बिलात दिसतो.

मग सगळे फोर-स्ट्रोक का घेत नाहीत? एक वजन. नऊ-दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक तीस-पस्तीस किलोच्या आसपास, तेच फोर-स्ट्रोक चाळीस-पंचेचाळीस. रोज संध्याकाळी खांद्यावरून घरी नेणाऱ्याला हा फरक पेट्रोलपेक्षा आधी कळतो. दुसरं, ते आडवं ठेवायची बाजू ठरलेली असते. चुकीच्या बाजूवर ठेवलं की खालचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी स्टार्टरची दोरी ओढली जात नाही, मशीन चालू झालंच तर बंदरभर धूर. ऑगस्टात आमच्याकडे येणाऱ्या "बिघडलेल्या" नवीन मशीनमध्ये अशी दरवर्षी दोन-तीन असतात. बाजू कव्हरवर किंवा पुस्तकात दाखवलेली असते.

वर्षातून चार महिने, खाडीतच, थोडं थोडं काम असेल तर टू-स्ट्रोक अजूनही वाईट नाही. उघडायला सोपं, गावातल्या कुठल्याही पोराला जमतं. फक्त पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल डोळ्यांनी टाकू नका. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, आणि डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यातल्या टू-स्ट्रोकच्या ऑइलची खूण) लिहिलेलंच. मोटारसायकलचं टू-टी ऑइल पाण्याच्या मशीनसाठी नाही.

रॉकेलबद्दल दरवर्षी विचारणा होते. रॉकेलवर चालणारी मॉडेलं वेगळी येतात, त्यांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं. पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल मिसळून आणलंत तर पिस्टनवरचा कार्बन बघून आम्हाला कळतं. मग वॉरंटीचं बोलू नका.

आता कंपनी

यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, तोहात्सू. यातलं कुठलंही नाव वाईट नाही, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. होंडाने १९६४ पासून आउटबोर्ड फोर-स्ट्रोकच बनवलं. यामाहाची साधी टू-स्ट्रोक कामाच्या होड्यांवर जगभर चालतात. लहान मर्क्युरी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं की त्या ताकदीची कित्येक मशीनं जपानात तोहात्सूच्याच कारखान्यात तयार झालेली आहेत. दोघे शेजारी नावावरून भांडत बसतात आणि कव्हर काढलं तर आत सख्खे भाऊ.

नाव मोठं असलं म्हणजे पुढेही राहील असं नाही. एव्हिनरूड हे या धंद्यातलं सर्वांत जुन्या नावांपैकी एक, १९०९ पासूनचं. २०२० मध्ये त्यांनी आउटबोर्ड बनवणं बंद केलं. जुनं मशीन कुठून स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पण आधी विचारा की इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चकती) आणि गिअरचे सील कुठून येणार आणि किती दिवसांत.

खरं तर कुठल्याही कंपनीला विचारायचा प्रश्न हाच. सप्टेंबरात, बांगडा लागलेला असताना, तुमच्या बंदरापासून तासाभराच्या अंतरावर त्या मॉडेलचा इंपेलर, गिअर सील, थर्मोस्टॅट, स्टार्टरची दोरी आणि पंखा कपाटात आहे का? आणि ते लावणारा माणूस? असेल तर ती कंपनी चांगली. नसेल तर कॅटलॉग कितीही चकचकीत असो. आम्ही दोन कंपन्यांची मशीनं विकतो, ते लपवत नाही. दुकानात आलात की कपाटं उघडून दाखवतो, कुठल्या कंपनीचं सामान भरलेलं आहे ते बघा. इतर कंपन्यांची मशीनंही उघडतो. फक्त हंगामात आमच्याकडून घेतलेल्यांचा नंबर आधी लागतो. यावरून बोलणी खाल्ली आहेत, तरी तो नियम बदललेला नाही.

वॉरंटी कार्ड घेताना एक ओळ शोधा. धंद्याच्या वापरासाठी मुदत बहुधा सहलीच्या होडीपेक्षा कमी असते. विकणारा मोठा आकडा सांगतो, तुमच्या कामाला लागू होतो तो लहान.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तकात मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेला पाण्याची कमी नाही. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं आणि तेच आधी मशीनमध्ये जातं. नवीन मशीन घेताना तुमच्या मॉडेलला २० टक्के चालतं का हे लेखी विचारा. पाणी वेगळं करणारा फिल्टर मध्ये लावा, आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत टाकी अर्धी भरून ठेवू नका. मागच्या हंगामाचं पेट्रोल आमच्याकडे आणून "यानेच चालू करून बघा" म्हणू नका.

ताकद, पंखा आणि आमची समुद्रातली चाचणी

आठचं होतं, आता पंधराचं द्या, असं पुष्कळ जण म्हणतात. रिकामी होडी पळेल. पण चार माणसं, बर्फ आणि भिजलेली जाळी असली की बऱ्याच होड्या पाणी कापण्याऐवजी ढकलतात, आणि तिथे वाढीव हॉर्सपॉवर फक्त पेट्रोल पिते. तिथे कामाला येतो तो पंखा. मोठा व्यास, कमी पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकायचा ते अंतर).

म्हणून बसवणीत आम्ही चाचणी धरतो आणि तिचे पैसे घेतो. होडी रिकामी आणायची नाही, रोज जेवढा भार असतो तेवढा घेऊन यायची. प्लगच्या वायरला आम्ही छोटं मीटर गुंडाळतो आणि पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम येतात ते बघतो. पुस्तकात मर्यादा दिलेली असते, फोर-स्ट्रोकला पुष्कळदा ५,००० ते ६,०००. त्याखाली राहिलं तर मशीन दमून चालतंय, कार्बन धरणार. वर गेलं तर पंखा हलका आहे. पिचमध्ये एक इंच फरक केला की दीड-दोनशे आरपीएम हलतात. दोन पंखे बदलून बघितले तर सकाळ जाते. "मशीन चालू झालं ना, मग कशाला?" असं म्हणणारे नोव्हेंबरात येतात.

भाव फोनवर का सांगत नाही, ते आता लक्षात आलं असेल. शॉर्ट की लाँग, टू की फोर, कुठला पंखा, फळी धड की कुजकी, हे कळल्याशिवाय सांगितलेला आकडा खोटा असतो. आणि एकदा खाऱ्या पाण्यात उतरलेलं मशीन आम्ही परत घेत नाही. क्लँपचे वण आणि मीठ लागलेलं मशीन पुढच्या गिऱ्हाइकाला नवीन म्हणून कसं द्यायचं? तुमच्याच हाती तसलं आलं तर तुम्ही घ्याल का?

बसवल्यावर रोज दहा मिनिटं गोड्या पाण्यावर फिरवा. महिन्यातून एकदा पंखा काढून मागे तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलंय का बघा. ते बारीक तंगूस सील कापतं आणि मग गिअरचं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी आणा. मशीनऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या वडीला रंग लावू नका. बाकी मशीनबरोबर पुस्तक असतंच.

येताना जुन्या मशीनच्या पाटीचा फोटो आणा, स्केल लावून फळीचा फोटो आणा, होडीचे कागद आणा. नोंदणीत मशीनचा नंबर आणि ताकद असते, ती बदलून घ्यावी लागते. अनुदानाचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात मात्र येऊ नका, तेव्हा आम्हालाच जेवायला वेळ नसतो. जूनमध्ये या, चहा पिऊन बोलू.

घरी स्केल नसेल तर दुकानातून न्या. मोजून झाली की परत आणा, आतापर्यंत तीन गेल्या आहेत.