‘एजन्सीचा माणूस कायम एजन्सीचाच’ : एक खुलासा

व्हीपीएनचा (आपला इंटरनेट वापर इतरांपासून लपवणाऱ्या सेवेचा) विषय निघाला की कुणीतरी सांगतंच : ‘गुप्तचर खात्यातला माणूस नोकरी सोडतो, खातं सोडत नाही. त्याला कामावर घेतलंत की डेटा सरकारकडे गेलाच.’ ऐकायला खमंग आहे, पण एक्स्प्रेसव्हीपीएन या व्हीपीएन कंपनीचं प्रकरण नेमकं उलट सांगतं.

सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तिघांची नावं जाहीर केली. तिघेही अमेरिकी गुप्तचर यंत्रणा किंवा सैन्यात काम केलेले. आरोप काय? संयुक्त अरब अमिरातीसाठी हॅकिंग केलं, समोरच्याने लिंकवर क्लिकही न करता फोनमध्ये शिरणारी साधनं वापरली. म्हणजे जुन्या मालकाशी निष्ठा कसली, जास्त पगार देणारा नवा मालक! खटला टाळण्यासाठी तिघांनी मिळून 16 लाख 85 हजार डॉलर भरायचं कबूल केलं. त्यातला डॅनियल गेरिके तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएनचा सीआयओ (मुख्य माहिती अधिकारी) होता. कंपनी म्हणाली, त्याच्या पूर्वीच्या नोकरीची मुख्य माहिती आम्हाला आधीपासून होती. (हे ग्राहकांना मात्र बातमीतूनच कळलं.)

‘सरकारने तपासलेला, म्हणजे भरवशाचा’ हा उलटा समजही तितकाच पोकळ. एडवर्ड स्नोडेन अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचा माजी कर्मचारी, गोपनीय माहिती हाताळायची सरकारी मंजुरी असलेला; 2013 मध्ये अमेरिकेच्या पाळतीचे गुप्त कागद बाहेर काढले तेव्हा तो खासगी कंत्राटदाराकडे होता.

त्यामुळे बायोडेटापेक्षा हे विचारा : एकटा माणूस किती डेटा उघडू शकतो, त्याची नोंद कोण पाहतं, आणि मुळात साठवलंय काय? तुर्कस्तानमधले रशियन राजदूत कार्लोव्ह यांच्या हत्येच्या तपासात तुर्कस्तानने एक्स्प्रेसव्हीपीएनचाच सर्व्हर जप्त केला होता. त्यात उपयोगाचं काही सापडलं नाही, कारण लॉग (ग्राहकांच्या वापराच्या नोंदी) ठेवलेलेच नव्हते.